कॅनॉलवर व्हॉलंटियर म्हणून जावं का? हॅटनच्या लॉकवरनं सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे, की कॉव्हेन्ट्रीला मास्टर्सला आलायस, खोलीच्या मागनंच कॅनॉल जातो, सुट्टीच्या दिवशी जॅकेटं घातलेली तुझ्याच वयाची पोरं तिथे गवत काढताना, दारं रंगवताना दिसतात, घरी असताना तू ग्रुपबरोबर गडावरची टाकी साफ करायला जायचास म्हणून हात शिवशिवतायत, पण आपल्याला हे करता येतं का, व्हिसात बसतं का, पोहता येत नसेल तर चालतं का, आणि मुळात दुसऱ्यांच्या वारशासाठी आपण का राबायचं. शेवटचा प्रश्न तू जरा दबकत विचारलायस, पण माझ्या मते तोच मुद्द्याचा आहे, त्यामुळे त्याच्यावर सावकाश येते.

मी बारा वर्षं वॉरिकजवळच्या हॅटनला व्हॉलंटियर लॉक कीपर आहे (लॉक म्हणजे बोटी वर-खाली चढवणारा दारांचा हौद, नीट पुढे सांगते) आणि गेली काही वर्षं नवीन येणाऱ्या पोरापोरींना शिकवते. माहेर बारामतीकडचं, आजोबा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. आमच्याकडे कॅनॉल म्हणजे उसाचं पाणी, आवर्तन कधी सुटणार, कुणाच्या चारीचं दार कुणी रात्रीत उचललं, यावरनं होणारी भांडणं. त्यामुळे इथं आल्यावर पहिल्यांदा कॅनॉल बघितला तेव्हा मला कळेचना की हे पाणी जातंय कुठं. कुठंच जात नव्हतं. इथला कॅनॉल शेतीचा नाहीच, तो रस्ता आहे, मालवाहतुकीचा पाण्याचा रस्ता. १७६१ ला वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला आणायला ब्रिजवॉटरच्या ड्यूकने कॅनॉल काढला, जेम्स ब्रिंडली त्याचा इंजिनिअर (त्याचा पुतळा तुझ्या कॉव्हेन्ट्री बेसिनला, म्हणजे बोटी थांबायच्या धक्क्यालाच आहे, जाऊन बघ), आणि मँचेस्टरला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. कारण साधं आहे. एक घोडा चांगल्या रस्त्यावर फार तर दोनेक टन ओढेल, तोच घोडा काठावरनं चालत पाण्यातली पंचवीस-तीस टनांची बोट ओढतो. काठावरची ती वाट म्हणजे टोपाथ, तू ज्याच्यावरनं सायकलने कॉलेजला जातोस ती.

आणि हे सगळं हाताने खणलंय. खणणाऱ्या मजुरांना नॅव्ही म्हणायचे, नॅव्हिगेटर शब्दाचं छोटं रूप. खणलेल्या चरात पाणी टिकावं म्हणून चिकणमातीत पाणी घालून ती बुटांनी तुडवायची, थरावर थर, काही ठिकाणी गुरं हाकायचे तिच्यावरनं. कुंभार किंवा वीटभट्टीवाले माती तुडवतात तशीच. अडीचशे वर्षांपूर्वीचा तो चिखल अजून पाणी धरून आहे. मागे एकदा आम्ही एका जुन्या कॅनॉलचा काठ उकरला तेव्हा तो करड्या-निळसर मातीचा थर मी हातात घेतला होता, लोण्यासारखा गुळगुळीत, बोटाचा ठसा उमटतो. पुस्तकातनं हे कळत नाही.

आता जे तुला बहुतेक माहीत नसेल आणि जे माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं आहे ते सांगते. हे कॅनॉल आज आहेत ते सरकारने सांभाळले म्हणून नाहीत. रेल्वे आली, मग लॉरी आली, १९४८ ला कॅनॉलचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि पन्नास-साठच्या दशकात बरेचसे बुजवायच्या यादीत होते. बऱ्याच ठिकाणी गाळ, जुन्या गाद्या, सायकली, मेलेली कुत्री, लोक कचरा टाकायला यायचे. १९४६ ला काही लोकांनी इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली आणि भांडायला लागले. पण नुसतं भांडून झालं नाही, हातात फावडं घ्यावं लागलं.

तुझ्यापासनं जवळचं उदाहरण घे. स्ट्रॅटफर्ड कॅनॉलचा दक्षिणेकडचा तेराएक मैलांचा भाग, लॅपवर्थपासनं शेक्सपिअरच्या गावापर्यंत. १९५८ च्या सुमारास तिथल्या कौन्सिलला तो कायमचा बंद करायचा होता, एक पूल नव्याने बांधायचा खर्च वाचवायचा म्हणून, आणि म्हणणं असं होतं की याचा वापरच होत नाही. तेव्हा कनू, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, चालवणाऱ्यांनी टोल भरल्याच्या पावत्या पुढे आल्या, म्हणजे वापर झालेला होता. एवढ्याशा कागदांचा आधार मिळाला आणि कॅनॉल वाचला. मग नॅशनल ट्रस्टने (जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था) तो घेतला, डेव्हिड हचिंग्ज नावाच्या आर्किटेक्टने काम अंगावर घेतलं आणि राबायला कोण आलं तर शाळा-कॉलेजची पोरं, सैन्यातले जवान आणि बर्मिंगहॅमच्या तुरुंगातले कैदी. १९६४ च्या जुलैत राजमातेच्या हस्ते तो परत सुरू झाला. आज तिथं पर्यटक आइस्क्रीम खात बोटी बघत बसतात. त्यांच्यातल्या किती जणांना हे माहीत असेल मला शंका आहे, आणि म्हणूनच मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते.

आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात, त्याहून चांगला शब्द मला इंग्रजीत अजून सापडलेला नाही.

बरं, आता प्रत्यक्ष काम. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कॅनॉल, म्हणजे जवळपास २००० मैल, कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट बघतो. ही धर्मादाय संस्था आहे, २०१२ ला सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडनं सगळं तिच्याकडे आलं. स्कॉटलंडचं वेगळं आहे. तू जी जॅकेटवाली पोरं बघितलीस ती टोपाथ टास्कफोर्सची असणार, हे ठरलेल्या दिवशी जमतात, झाडं छाटतात, कचरा उचलतात, रंग देतात. सुरुवातीला तू तिथंच जा. अनुभव लागत नाही, हातमोजे-अवजारं तेच देतात, नाव नोंदवायचं आणि जायचं, एकदा जाऊन नाही आवडलं तर कुणी विचारत नाही. तुझी अठरा पूर्ण आहेत म्हणजे बाकी अडचण नाही. तुझ्या खोलीवरच्या अजून दोघांना घेऊन गेलास तर अजून बरं, एकटा गेलेला पोरगा पहिल्या दिवशी बुजतो हे मी बघितलंय.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलास तर तुला गुलाबी फुलांची उंच झाडं उपटायला लावतील, हिमालयन बालसम. नावाप्रमाणेच आपल्या हिमालयातली, १८३९ ला इथं बागेत लावायला आणली आणि ती बागेतनं पळाली. बी पिकलं की शेंग हात लागताच फुटते आणि बिया सात-सात मीटर उडतात, वाहत्या पाण्यात पडल्या की पुढच्या गावाला. एकाच जातीचं रान माजतं, बाकीचं सगळं मरतं, आणि थंडीत ते वाळून गेलं की काठ उघडा पडतो आणि माती ढासळून पाण्यात जाते. म्हणून शेंगा धरायच्या आत, मे ते जुलैमध्ये, मुळापासनं उपटायचं. मुळं उथळ असतात, सहज निघतं. गंमत म्हणजे हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद आहे. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीकडची एक मुलगी आमच्याबरोबर होती, तिच्या घरी तेरड्याची गौर आणतात. पहिलं झाड उपटून हातात धरलं तशी ती थबकली, म्हणाली ताई ह्याची पाळंमुळं धुऊन आम्ही घरात आणतो, हळदीकुंकू वाहतो. मग आम्ही काठावर बसून त्याच्यावर अर्धा तास बोललो, आमच्यातली इंग्रज म्हातारी मंडळी पण ऐकत बसली. नंतर तिनं दिवसभर उपटली, पण पहिलं झाड मात्र बाजूला नीट ठेवलं होतं.

लॉकवरचं काम याच्या पुढचं. लॉक म्हणजे काय ते आधी समजून घे. पाणी चढ चढत नाही, मग बोट डोंगर कशी चढणार, तर दोन्हीकडे दारं असलेला एक हौद बांधायचा, बोट आत घ्यायची, खालची दारं बंद करायची, वरनं पाणी सोडायचं, हौद भरला की बोट आपोआप वर येते, मग वरची दारं उघडायची. पंप नाही, मोटर नाही, सगळं पाण्याच्या वजनावर. हॅटनला असे २१ लॉक ओळीनं आहेत, दोनेक मैलांत जवळजवळ ४५ मीटर चढ. हा कॅनॉल १७९९ चा, पण आत्ताचे रुंद लॉक १९३० च्या दशकात बांधले, बेकारीच्या काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारी मदत झाली होती, आणि जुने अरुंद लॉक अजून त्यांच्या शेजारीच आहेत, जादा पाणी सोडायला वापरतात. एकदा भरायला साधारण सव्वादोन लाख लिटर पाणी लागतं. आपल्याकडच्या हिशोबात दहा हजार लिटरचे वीस-बावीस टँकर. दुष्काळी भागातल्या पोराला हे सांगितलं की तो पाण्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो, आणि मला तेच हवं असतं, कारण उगाच लॉक रिकामा करायचा नाही, समोरनं बोट येतीय का ते बघायचं, असेल तर तिच्यासाठी थांबायचं, म्हणजे एका भरण्यात दोघांचं काम होतं. आजोबा पाण्याची पाळी सांभाळायचे, मी पण तेच करते.

दाराखालची झडप उचलायला हातात विंडलास असते, इंग्रजी एल अक्षरासारखी लोखंडी मूठ. हॅटनच्या गिअरला वीसपेक्षा जास्त फेऱ्या द्याव्या लागतात, दिवसाच्या शेवटी खांदे बोलायला लागतात. एक गोष्ट पहिल्या दिवशीच हाडात मुरवून घ्यायची, की विंडलास तशीच अडकवून हात सोडायचा नाही. गिअर निसटला तर ती गरागरा फिरते आणि मनगट, दात, जे समोर येईल ते फोडते. आणि दार ढकलताना हातानं नाही ढकलायचं, त्या लांब लाकडी दांड्याला पाठ टेकवायची आणि पायांनी रेटायचं. दार हलत नसेल तर जोर लावू नको, दोन्हीकडचं पाणी अजून समान झालेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. बोटाएवढा फरक असला तरी दहा माणसांनी हलत नाही, आणि समान झालं की एका पोरीने ढकललं तरी जातं.

आणि सिल. वरच्या दारांच्या खाली आत एक काँक्रीटचा उंबरा असतो, लॉक भरलेला असताना दिसत नाही. बोट खाली उतरताना मागचा भाग त्या उंबऱ्यावर राहिला तर पाणी खाली जातं, बोटीचं पुढचं टोक खाली जातं आणि मागचं अडकून राहतं. काठावर त्याची पांढरी रेघ मारलेली असते, बोट तिच्यापुढेच ठेवायची. माझ्या तिसऱ्या वर्षी भाड्याची बोट घेऊन आलेलं एक कुटुंब होतं, मी बापाशी बोलत होते, मुलं टपावर, आणि मागनं एक कुरकुर असा आवाज आला, लाकूड दगडाला घासल्यासारखा. बघते तर मागचं टोक वीतभर वर. तेव्हा एकच करायचं असतं, ओरडायचं आणि खालच्या झडपा ताबडतोब पाडायच्या, म्हणजे पाणी जायचं थांबतं, मग वरनं हळूहळू पाणी घ्यायचं. केलं आम्ही, बोट परत पाण्यावर आली, आतल्या कपबश्या फुटल्या, बाकी कुणाला काही झालं नाही. पण त्या वेळी रेघेकडे बघायचं काम माझं होतं आणि मी गप्पा मारत होते. त्या दिवसानंतर लॉक रिकामा होत असताना मी कुणाशीही बोलत नाही, तू आलास तरी तुझ्याशी पण नाही.

पोहायचं विचारलंस. लॉक कीपरला फुगणारं लाइफजॅकेट सक्तीचं आहे, ट्रेनिंग होतं, त्यामुळे पट्टीचा पोहणारा असावा लागत नाही, पण जे आहे ते खरं सांगायचं. दुसरं म्हणजे पावसाळ्यात मुंबईत ज्याला सगळे लेप्टो म्हणतात तोच इथं वाईल्स डिसीज, उंदराच्या मुतानं पाण्यातनं होतो. क्वचित होतो, पण हाताला खरचटलं असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावायची, डबा खायच्या आधी साबणाने हात धुवायचे, आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरला आपणहून सांगायचं की मी कॅनॉलवर काम करतो. त्यांना ते सुचेलच असं नाही.

व्हिसाचं नीट वाच. डिग्रीच्या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, पण इथं दोन शब्द आहेत आणि ते एक नाहीत. चॅरिटीसाठी, कुठल्याही कराराशिवाय, पगार किंवा वस्तूरूपात मोबदला न घेता, यायचं-न यायचं तुझ्या मर्जीवर, हे व्हॉलंटियरिंग, ते त्या २० तासांत धरत नाहीत. पण करार असेल, ठरलेली ड्यूटी असेल, तर ते व्हॉलंटरी वर्क होतं आणि ते धरतात. टोपाथवरचं काम सहसा पहिल्या प्रकारात बसतं, तरी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घेऊन ठेव. प्रवासखर्च बऱ्याच ठिकाणी देतात, तो मोबदला नाही, पण बिलं जपून ठेव. आणि सीव्हीसाठी विचारत असशील तर प्रामाणिकपणे सांगते, नोकरी लागेल असं मी कुणालाही सांगत नाही. रेफरन्स मिळतो, बोलीभाषेतलं इंग्रजी सुटतं, पहिल्या हिवाळ्यात खोलीत एकटं बसून रडायची वेळ येत नाही, एवढं माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आठवडाभर सुट्टी असेल तर मात्र कॅनॉल कॅम्पला जाच. वॉटरवे रिकव्हरी ग्रुप म्हणून आहे, १९७० पासनं, हे बंद पडलेले कॅनॉल परत उघडतात. गावातल्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायचं, सगळ्यांनी मिळून स्वयंपाक, दिवसभर विटा रचणं, चुन्याचा गिलावा, गाळ काढणं. जेवणा-राहण्याचे थोडे पैसे घेतात. गडावर काम केलंयस म्हणजे तुला तिथं लगेच जमेल, आणि एक शिस्त तिथनं शिकून ये, ती आपल्याकडे फार कमी बघितलीय मी: दगड हलवायच्या आधी त्याचा फोटो, नंबर, मोजमाप. जुना चुना काढून तिथं सिमेंट थापायचं नाही. साफसफाईच्या उत्साहात आपली पोरं कधीकधी जुना शेंदूर, जुनी अक्षरं पण घासून काढतात, मनापासनं करतात पण गेलेलं परत येत नाही.

आता वारसा साजरा करण्याचं. जूनमध्ये ब्रॉन्स्टनला जुन्या बोटींचा मेळावा भरतो, कॉव्हेन्ट्रीहून लांब नाही, १९०९ ची वाफेवर चालणारी प्रेसिडेंट नावाची बोट पण तिथं बघायला मिळते, कोळशाच्या धुराचा वास, पितळेच्या पट्ट्या घासून लखलखीत केलेल्या, दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी बंद असलेल्या जागा फुकट उघडतात, तिथं गाईड म्हणून तरुण पोरं हवीच असतात. आणि गाईड झालास तर नुसती इंजिनिअर लोकांची नावं सांगू नको. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा तरुण मुलींना शिकवून बोटींवर पाठवलं होतं, छातीवर आयडब्ल्यू, म्हणजे इनलँड वॉटरवेज, असा बिल्ला, त्यावरनं लोक त्यांना आयडल विमेन म्हणजे रिकामटेकड्या बायका म्हणायचे, आणि त्या लंडनहून बर्मिंगहॅमला धातू न्यायच्या आणि कॉव्हेन्ट्रीकडचा कोळसा भरून परत जायच्या. हॅटनच्या याच एकवीस लॉकमधनं, हेच गिअर फिरवत, थंडीत. मी गिअर फिरवताना दमले की मला त्या आठवतात. आणि बोटींवर जन्मलेली कुटुंबं, दहा फुटांच्या केबिनमध्ये आईबाप-पोरं, शाळा कुठली तर जिथं बोट थांबेल तिथली, एक-दोन दिवस. त्यांच्याबद्दल पण बोल.

मग तुझा तो प्रश्न, दुसऱ्यांचा वारसा. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबई बंदरातनं कापूस गेला, त्यात आपला खानदेश-वऱ्हाडचा पण होता. लिव्हरपूलला उतरलेल्या गाठी रेल्वेने आणि लीड्स-लिव्हरपूल कॅनॉलने गिरण्यांच्या दाराशी जायच्या. मुंबईत त्या पैशावर सट्टा चढला, १८६५ ला कोसळला, कितीतरी घरं बुडाली. आणि त्याच गिरण्यांचं कापड परत आपल्याकडे येऊन आपल्या विणकरांचे माग बसले. हे पाणी आपल्या घरापासनं एवढं लांब नाहीये. हा इतिहास मी इथल्या लोकांना लॉकवर उभी राहून सांगते, रागानं नाही, पण पूर्ण सांगते, आणि ते ऐकतात, कारण सांगणारीच्या हातात विंडलास असते.

घाई अशासाठी करते, की लॉकवर जी मंडळी आहेत त्यातली बरीच सत्तरीच्या पुढची आहेत. २०२७ पासून पुढची दहा वर्षं ट्रस्टला मिळणारं सरकारी अनुदान दरवर्षी ५ टक्क्यांनी कमी होत जाणार आहे. ओकच्या लाकडाची लॉकची दारं साधारण पंचवीस वर्षं टिकतात, मग नवीन करावी लागतात, वेकफील्डजवळ स्टॅन्ली फेरीला अजूनही ती प्रत्येक लॉकच्या मापाने बनवतात. पैसे कमी, हात कमी, दारं तेवढीच.

तर असं कर. आधी तुझ्या खोलीमागच्या टोपाथने हॉक्सबरी जंक्शनपर्यंत चालत जा, बेसिनपासनं साडेपाच मैल आहे, आणि वाटेतल्या जुन्या पुलांखाली वाकून कोपऱ्यावर हात फिरव. जिथं कोपऱ्याला लोखंडी पट्टी असेल तिथं बोटभर खोल खाचा लागतील, एकाखाली एक. त्या कुणी मुद्दाम कोरलेल्या नाहीत, घोड्याच्या ओल्या दोराने शंभर वर्षं घासून पडल्यात. मग टास्कफोर्सला नाव नोंदव, चार-सहा वेळा जा. मार्चपासनं लॉकचा सीझन सुरू होतो, तेव्हा हॅटनला ये, बूट टाचेला घट्ट बसणारे घाल, स्मूथ सोलचे नको, आणि जेवणाचा डबा आण. जादा विंडलास माझ्याकडे आहे.